चांदबीनं न ऐकलेलं

मेहकर तालुक्याच्या त्या पट्ट्यात चांदबी मनियारणीला न ओळखणारं दार नव्हतं. राहायला ती जानेफळात. डाव्या दंडावर बांगड्यांच्या लडी, काखेत कापडात गुंडाळलेली पेटी, पायांत नवऱ्याच्या जुन्या वहाणा, आणि चालणं असं की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई काठाकाठानं वाहत येत आहे. ती वेशीत शिरली की काच किणकिणे आणि बायका हातातलं काम टाकून हात धुवायला लागत. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरं, असा तिचा फेरा ठरलेला होता. शुक्रवारी घरी. महिनाभरात सगळी गावं एकदा होत.

बांगड्या भरताना ती हाताकडे फारशी पाहत नसे. समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा, पाण्याची बोटं फिरवून तळवा मळायचा, अंगठ्याखालचं हाड हलकेच आत वळवायचं आणि हात सैल पडण्याची वाट पाहायची. आखडलेल्या हातात काच जात नाही. हात सैल पडता पडता बाईची जीभही सैल पडे. सासूपुढे, नणंदेपुढे, कधीकधी आईपुढेही जे निघालं नसतं ते चांदबीपुढे निघे. ती परजातीची, परगावची, उद्या दुसऱ्याच वेशीत असणारी. शिवाय तिनं हात धरलेला असे, आणि त्या बायकांचा हात असा निवांत धरून बसणारं दुसरं कोण होतं?

हे काम तिला लोणारच्या जहांआरा खालानं शिकवलं. खाला म्हणजे तिच्या सासूची धाकटी बहीण. काच कशी पारखायची, माप बोटांनी कसं घ्यायचं, हे शिकवून झाल्यावर खालानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. हात हातात असेस्तोवर बाईचं ऐकायचं, आणि एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही. चांदबीनं सतरा वर्षं हे पाळलं. बांगड्या भरून झाल्या की नव्या काचेला नमस्कार म्हणून बाई तिच्यापुढे वाके, सुपातून जोंधळे देई, आणि चांदबी पुढच्या दाराकडे वळे. बाईचं दुःख मागे राहतं, असं तिला वाटे.

मग एकोणीसशे अठरा साली मानमोडीची साथ आली. दसरा ते दिवाळी एवढ्या दिवसांत गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. माणसं अंगदुखीनं माना टाकत आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपत. चांदबीच्या घरात नूरजहां गेली. नऊ वर्षांची होती. एकुलती एक. चांदबीनं तिला माती दिली, चाळीस दिवसही धड घरी बसली नाही. आठव्या-नवव्या दिवशीच दारात बायका येऊ लागल्या. कोणाची बहीण गेली होती, कोणाचे दोन्ही लेक. "दोन बांगड्या भर व चांदबी," म्हणत आणि हात पुढे करत. दोन बांगड्यांना घटका लागे. ती निघाली की दुसरी बसे.

पूर्वी दिवसाला सहा-सात हात होत. आता पंधरा, कधी वीस. ती कोणालाच नाही म्हणत नव्हती. नाही म्हणणार तरी कसं? ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला पाठ दाखवायची नसते, एवढंच तिला कळत होतं.

पौष सरता सरता तिला काहीतरी होऊ लागलं. सुरुवातीला तिला ते बरंच वाटलं. बाई बोलू लागे आणि तिचा आवाज हळूहळू लांब जाई. शेतापलीकडच्या मोटेचा आवाज दुपारच्या झोपेत ऐकू यावा तसा. ओठ हलताना दिसत. डोळ्यांतून पाणी ओघळताना दिसे. पण चांदबी तिथे नसे. ती कुठल्यातरी हिरव्या, न हलणाऱ्या पाण्याच्या काठी उभी असे आणि पाण्यात हातच हात तरंगत असत, पांढरे, सैल, बांगड्यांची वाट पाहणारे. बोटं आपलं काम करत. बाई थांबली की तोंड आपलं काम करी. तोंडातून निघे, "येईल व माय, येईल. समदं बरं होईल." बाई डोळे पुसून नमस्कार करी. चांदबी उठे. त्या बाईचं नाव पुढच्या दारापर्यंतही तिला आठवत नसे.

घरी हे पहिल्यांदा तिच्या नवऱ्याच्या, गफ्फारच्या, लक्षात आलं. गफ्फार बाजाराच्या दिवशी बांगड्यांचं दुकान मांडे, एरवी घरीच लडी ओवत बसे. बोलायला तिरकस, पण मनाचा मऊ.

एका सकाळी तो म्हणाला, "घरातलं मीठ संपलं."

चांदबी चुलीपुढे बसली होती. तिनं मान हलवली. "येईल व माय, येईल."

गफ्फार लड खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. "मीठ कुठून चालत येणार हाये? आन मी तुही माय कधीपासून झालो?"

चांदबी हसली. गफ्फारही हसला, पण त्याचं हसू लवकर विझलं. "चार दिवस फेऱ्यावर जाऊ नको," तो म्हणाला.

"बायका वाट पाहून राह्यल्या असतील."

"पाहू दे."

ती गेली.

मेहकराकडच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी, वीस-पंचवीस घरांची एक वाडी होती. माघातल्या एका मंगळवारी चांदबी तिथे पोचली तेव्हा तिचे अकरा हात झाले होते. बारावा हात गोजरबाईचा. गोजरबाई एकोणीस वर्षांची, तानुबाईची धाकटी सून. तिचा नवरा इंद्रभान दोन वर्षांपूर्वी सरकारी मजूरभरतीत नाव घालून लामावर, म्हणजे लढाईच्या कामाला, गेला होता, समुद्रापलीकडे बसऱ्याला. तानुबाईचा थोरला लेक आणि थोरली सून मानमोडीत गेली होती. घरात या दोघीच उरल्या होत्या.

त्या दिवशी तानुबाई शेतात होती. गोजरबाईनं ओट्यावर पोतं अंथरलं आणि हात दिला. हात दगडासारखा आखडलेला होता. चांदबीनं तो मळायला घेतला. उन्हं कलली होती. समोरच्या पळसाला नुकती फुलं आली होती आणि ती एकेक करून खाली पडत होती, आवाज न करता. गोजरबाई काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती. मधेच तिनं कमरेचं काहीतरी काढून दाखवलं, ते पिवळं चमकलं आणि पुन्हा कमरेला गेलं. चांदबी त्या हिरव्या पाण्याच्या काठी होती. तिनं एका हातात सहा आणि दुसऱ्या हातात सहा अशा हिरव्या बांगड्या भरल्या. गोजरबाई थांबून तिच्या तोंडाकडे पाहू लागली, तेव्हा चांदबी म्हणाली, "येईल व माय, येईल. समदं बरं होईल."

गोजरबाईचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यावर हळूहळू उजेड चढत गेला. चांदबीला तो दिसला, पण का, ते कळलं नाही. अशा वेळी बायकांना बरं वाटतंच, एवढं तिला सवयीनं ठाऊक होतं.

पुढच्या फेऱ्याला, फाल्गुनात, ती वाडीत शिरली तर तानुबाईचं घर लांबूनच पांढरं दिसलं. भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या होत्या. दारावर आंब्याची पानं. तानुबाई हात मातीनं भरलेले तसेच घेऊन धावत आली आणि तिनं मनगटांनीच चांदबीचे खांदे धरले.

"तुह्या तोंडात साखर पडो व चांदबी! सुनेनं सांगतलं मले. तू म्हणली, इंद्रभान येते म्हणून. समदा मुलूख फिरते तू, तुले नाही कळणार तं कोणाले कळन?"

चांदबीनं मान हलवली. तिला काहीच आठवत नव्हतं. पण आठवत नाही असं म्हणायलाही तिला उसंत मिळाली नाही.

"पोरगी रोज दुपारी नदीच्या उतारावर जाऊन बसते," तानुबाई सांगत होती, "भाकर बांधून घेते अन् पाणी घेते. म्हणते, दमून येतील, पहिल्यांदा पाणी मागतील. काय व, लग्नाच्या वेळी माह्या लेकाकडे पाहत नव्हती, आता पाह्य!" आणि ती मोठ्यानं हसली. चार-पाच महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नसेल.

गोजरबाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं चांदबीला हातानं खुणावलं. गोठ्यात गेल्यावर तिनं कमरेला खोचलेला एक पितळी बिल्ला काढला. त्यावर मजूरभरतीचे आकडे कोरलेले होते. सांधीतून आलेल्या उन्हात तो पिवळा चमकला. हे तिनं पाहिलं होतं.

"मी सासूले नाही सांगतलं अजून," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "पण एक गोष्ट मले समजून नाही राह्यली. तो लामावरून आलेला माणूस तं म्हणे, मी माह्या हातानं माती देल्ली त्याले. हा बिल्ला बी त्यानंच देल्ला. हे समदं मी तुले त्या दिवशी सांगतलं. तरी तू म्हणली, येईल. मंग तुले कोणं सांगतलं व, चांदबी? तो माणूस चुकला काय? दुसराच कोणी मेला होता काय?"

चांदबीला आपले कान एकदम उघडल्यासारखे वाटले. गायीचा रवंथ, माशांची गुणगुण, बाहेर तानुबाईचं गुणगुणणं, सगळं एकदम आत आलं. त्या दिवशी या पोरीनं नवरा मेल्याचं सांगितलं होतं. जगात पहिल्यांदा, फक्त तिला. आणि हात धरून बसलेल्या तिनं त्या हातात हिरवा चुडा भरून सांगितलं होतं, येईल.

"सांग ना," गोजरबाई म्हणाली.

"सांगते," चांदबीच्या तोंडून निघालं. "पुढच्या येळेस सांगते."

गोजरबाईनं मान हलवली. तिला तेवढंच पुरे होतं. चांदबीनं त्या दिवशी एकही हात न भरता वाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. गफ्फारनं विचारलं तर म्हणाली, "मले खालाकडे सोडा." त्यानं आणखी काही न विचारता शेजाऱ्याची बैलगाडी ठरवली. पुढच्या पहाटे निघालेली गाडी दिवस मावळता मावळता लोणारला पोचली. वाटेत चांदबी गाडीच्या कठड्याला डोकं टेकून पडून होती, आणि दोन्हीकडून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येत होता.

जहांआरा खाला आता सत्तरीच्या घरात होती. डोळे अधू झालेले. तिनं चांदबीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि गफ्फारला म्हणाली, "जा तू. हिले राहू दे." चांदबी जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर उठली. खालानं तिला भाकर आणि ठेचा दिला, विचारलं काही नाही. तिसऱ्या दिवशी फटफटतं ना तोच खाला तिला घेऊन तळ्यावर उतरली.

लोणारचं ते तळं म्हणजे जमिनीला पडलेली एक मोठी गोल वाटी. काठावरून खाली उतरत जावं तसा गावाचा आवाज वर राहतो. झाडी, पडक्या देवळांचे दगड, कुठेतरी ओरडणारा मोर, आणि तळाशी हिरवं, खारं, जाड पाणी. त्या पाण्याच्या खारातून पूर्वी काच बनवत, आणि आपल्या पूर्वजांनी त्याच काचेच्या बांगड्या केल्या, असं खालाच्या घरात सांगत. धुकं पाण्यावर पसरलं होतं आणि वर सरकत होतं. चांदबी थबकली. गेले दोन महिने बायका बोलताना ती ज्या काठी जाऊन उभी राही, तो हाच काठ होता. फक्त पाण्यात हात नव्हते.

खाला एका दगडावर बसली. तिनं चांदबीला शेजारी बसवलं, तिचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मळायला लागली. अंगठ्याखालचं हाड तिनं बरोबर पकडलं.

"केवढा आखडला हाये," खाला म्हणाली. "तुह्या घरचं कोण गेलं?"

"तुमाले ठावं हाये की, खाला."

"मले ठावं हाये. तू सांग."

मोर पुन्हा ओरडला. मग चांदबी बोलू लागली. नूरजहांला ताप चढला तेव्हा ती वरवंट्याची बाहुली करून खेळत होती. ताप चढल्यावरही तिनं वरवंटा शेजारी घेतला, म्हणाली, हिलेही ताप आला हाये. तिसऱ्या दिवशी तिनं लाल बांगड्या मागितल्या. पेटीत तिच्या मापाच्या लाल नव्हत्या. चांदबी म्हणाली, खामगावहून माल आला की तुले पहिल्या. माल आला तो नंतर बारा दिवसांनी. त्या लाल बांगड्यांची लड अजून पेटीच्या तळाशी होती, आणि तिच्यावर रोज दुसरा माल रचून ती गावोगाव फिरत होती.

हे सांगता सांगता तिच्या घशातून असा आवाज निघाला की वरच्या झाडावरचे पोपट उडाले. ती खूप वेळ रडली. खाला नुसती हात मळत राहिली. "येईल" म्हणाली नाही, "होईल" म्हणाली नाही.

धुकं विरलं तेव्हा चांदबीनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी चाळीस वर्षं बांगड्या भरल्या, खाला. तुमाले नाही झालं असं?"

"झालं ना. पटकीच्या साली झालं. एका बाईचं मूल गेलं होतं, ते सांगत होती अन् मी जांभई देल्ली. तिच्या तोंडावर." खाला खिन्न हसली. "तवापासून मी हात कमी केले. दिवसाले सहा. सातवी बाई रडत आली तरी तिले पाणी द्यायचं, जवळ बसवायचं, पण बांगडी दुसऱ्या दिवशी. बायका बोलल्या मले. म्हणे, जहांआराले गुर्मी चढली. अन् फेऱ्यावरून घरी जायच्या आंधी इथी येऊन बसायचं. गढूळ पाणी भांड्यात कसं हळूहळू निवळते, तसे ते आवाज खाली बसू द्यायचे. मंग घरी."

"हे तुमी मले तवा नाही सांगतलं."

"नाही सांगतलं," खाला म्हणाली. "तवा तू पोर होती. मले वाटे, हे माह्यातलंच उणं हाये. उणं कोणी शिकवते काय?"

चांदबीनं मग गोजरबाईची गोष्ट सांगितली. पांढऱ्या भिंती, आंब्याची पानं, भाकर, बिल्ला. खालाचा हात थांबला.

"अन् तू इथी येऊन बसली?"

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"जे हाये ते घेऊन जाय. तू इथी रडून मोकळी झाली. ते पोरगी तिथी उतारावर बसली असन." खालानं हात सोडला आणि काठी टेकत उठली. "ऊठ. मेहकरकडे जाणारी गाडी दुपारी निघते."

मेहकरला ती एका ओळखीच्या घरी मुक्कामाला राहिली आणि सकाळी चालत वाडीकडे निघाली. दंडावर लडी नव्हत्या, काखेत पेटी नव्हती. रस्ता तिला अनोळखी वाटला. इतकी वर्षं ती आपल्याच काचेच्या किणकिणाटात चालत आली होती. आता वाऱ्याचा आवाज येत होता, लांबच्या गाडीवानाची हाळी येत होती, आणि तिच्या स्वतःच्या पावलांचा आवाज.

दुपारी नदीचा उतार लागला. गोजरबाई करंजाच्या झाडाखाली बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर, शेजारी तांब्या. चांदबीला पाहून ती उठली. तिच्या डोळ्यांतला प्रश्न पाहून चांदबीला वाटलं, इथूनच माघारी फिरावं. ती जवळ गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"गोजर, मले कोणंच काही नाही सांगतलं. तो माणूस खरं बोलला. तू त्या दिवशी सांगत होती ते मी ऐकलंच नाही."

"ऐकलं नाही म्हणजे?"

"म्हणजे ऐकलं नाही. तुहा हात माह्या हातात होता, पण मी तिथी नव्हती. येईल, हे मी समद्यायलेच म्हणते. तोंडाले सवय लागली हाये."

गोजरबाईनं हातातली भाकर फडक्यासकट चांदबीच्या अंगावर फेकली.

"महिना झाला! महिनाभर मी इथी भाकर घेऊन बसली! काऊन धरला मंग माहा हात? शेंगा निवडत होती काय तू?" ती चांदबीच्या खांद्यावर, छातीवर मुठी मारत सुटली. हिरव्या बांगड्या तिच्या मनगटावर खणाणत होत्या. चांदबी हलली नाही. गोजरबाईचे हात थकले तेव्हा ती तिथेच मातीत बसली. चांदबी तिच्यासमोर बसली.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

"काऊन सांगू? मंग पुन्हा म्हणशील, येईल."

"नाही म्हणत."

मग गोजरबाईनं स्वतःहून हात पुढे केला आणि सांगू लागली. मेहकरच्या बाजारात तो माणूस भेटला, एका पायानं लंगडा. इंद्रभानच्याच टोळीतला. बसऱ्याला ते दोघं एका राहुटीत राहत. इंद्रभान तिथल्या उंटांना हसे, म्हणे, यांची चाल आमच्या गावच्या पाटलासारखी हाये.

बोलणं लांब जायला लागलं. पाण्यावर ऊन चमकत होतं, एक पांढरा बगळा एका पायावर उभा होता, आणि चांदबी त्या बगळ्याबरोबर कुठंतरी निघाली होती. तिनं स्वतःला धरलं.

"थांब," ती म्हणाली. "पाटलाच्या पुढचं मले ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

गोजरबाईनं चमकून पाहिलं. मग, का कोण जाणे, तिचा राग थोडा उतरला. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. ताप पाच दिवस होता. चौथ्या दिवशी इंद्रभाननं विचारलं, पैनगंगेले आता पाणी असन काय? तो माणूस म्हणाला, असन. मग ठीक हाये, असं म्हणून इंद्रभान राहुटीच्या कापडाकडे तोंड करून झोपला. पुढचं तो माणूस फार बोलला नाही.

चांदबीनं सगळं ऐकलं. ते जड होतं. ते आत उतरताना तिला दुखलं, आणि किती महिन्यांनी काहीतरी दुखलं म्हणून तिला आश्चर्य वाटलं.

"आता सासूले कसं सांगू?" गोजरबाई म्हणाली. "तिनं तं घर सारवलं."

"तू सांग. मी तुह्या बाजूले बसते. तिनं मले जोडे मारले तरी बसते."

तानुबाई अंगणात सुपात तूर निवडत होती. गोजरबाईनं बिल्ला तिच्या सुपात ठेवला आणि चार वाक्यांत सांगितलं. तानुबाई तूर निवडतच राहिली. बिल्ला बाजूला सारून तिनं दोन खडे काढले, टाकले. मग तिची बोटं थांबली. तिनं चांदबीकडे पाहिलं.

"तू म्हणली होती."

"म्हणली होती, माय. न ऐकता म्हणली. पोरीची चूक नाही, माही हाये."

तानुबाईनं तिला तोंडाला येईल ते ऐकवलं. तिच्या काचेला, तिच्या फेऱ्याला, तिच्या सात पिढ्यांना. चांदबी बसून राहिली आणि शब्द न् शब्द ऐकत राहिली. शिव्या संपल्यावर तानुबाईनं जो हंबरडा फोडला, त्यानं सगळी वाडी गोळा झाली. बायका आल्या. शेजारची अन्नपूर्णाबाई रीतीप्रमाणे हातात दगड घेऊनच आली, सुनेच्या बांगड्या फोडायला. तिनं गोजरबाईचं मनगट धरलं.

गोजरबाईनं हात हिसडून घेतला आणि चांदबीच्या मांडीवर ठेवला. "तूच काढ."

"असं कुठी असते काय?" अन्नपूर्णाबाई म्हणाली. "मनियारीण भरते. काढत नाही."

"फोडू नका व," तानुबाई जमिनीकडे पाहत म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "एकोणीस वर्षांची हाये ते. उद्या तिचा पाट लावीन मी. हातावर काचेचे वण कायले पाह्यजेत तिले?"

अन्नपूर्णाबाईनं दगड खाली ठेवला.

चांदबीनं पाणी मागवलं. हात मळायला घेतला. भरण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं. रडणाऱ्या माणसाचा हात पुन्हा पुन्हा आखडतो. ती घाई करत नव्हती. एकेक बांगडी अंगठ्याच्या हाडावरून अलगद उतरत होती. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. बाराही बांगड्या अख्ख्या निघाल्या, तेव्हा गोजरबाईनं चांदबीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

बायका हळूहळू पांगल्या. अन्नपूर्णाबाई मात्र रेंगाळली. "चांदबी, आलीच हायेस तं माह्याकडे ये ना घडीभर. पेटी नसली तरी चालन. मले तुले एक सांगायचं हाये. लय दिवसांचं पोटात हाये."

चांदबीला तिच्या आवाजातली निकड ऐकू आली. तोंडावर "येते" आलंही. गोजरबाईचं डोकं अजून तिच्या गुडघ्यावर होतं.

"आज नाही, बाई," ती म्हणाली. "आज माह्याच्यानं ऐकणं होणार नाही. मंगळवारी येते. पहिली तुह्याच घरी."

"मनियारीण नाही म्हणते!" अन्नपूर्णाबाईनं कमरेवर हात ठेवले. "ऐकलं काय व तानुबाई?"

तानुबाई सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती. डोकं वर न करता ती म्हणाली, "म्हणू दे. तिले पाणी आण आंधी. उन्हातून चालत आली हाये ते."

अन्नपूर्णाबाई क्षणभर घुटमळली. मग आत जाऊन तिनं तांब्या भरून आणला आणि चांदबीच्या हाती दिला.